गोधडीच्या कापडाची पारख

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात निंबर्गा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्याख्यानासाठी आम्ही हा विषय कळविला तेव्हा कार्यकर्त्यांपैकी एक-दोघांना तो काहीसा लहान वाटला. शिक्षकाने शिक्षणावर बोलावे, समाजसेवेवर बोलावे, गोधडीवर काय बोलावे, असे त्यांचे म्हणणे. तथापि आपल्या ट्रस्टच्या जमाखर्चात दरवर्षी 'पांघरुणे' ह्या नावाची एक बाब असते. मार्गशीर्ष-पौषात निराधार वृद्धांना, वसतिगृहातील मुलांना आणि बाळंतिणींना आपण गोधड्या देतो. त्या पैशांत आपणा सर्वांच्या घामाचा वाटा आहे. त्या पैशांतून आलेले कापड कसे असते, ते किती हिवाळे टिकते आणि ज्याच्या अंगावर पडते त्याला ते सुखाचे होते की नाही, हे पाहणे म्हणजे शिक्षणही आहे आणि सेवाही आहे. म्हणून हाच विषय आम्ही कायम ठेवला.

आपला हा मुलूख तीन भाषांचा. मराठीत आपण गोधडी किंवा वाकळ म्हणतो, कन्नड बोलणारे शेजारी कौदी म्हणतात आणि आमच्या घरांतील दखनीत तिला गुदडी म्हणतात. नावे तीन, पण वस्तू एकच. जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, वर ठिगळांची मांडणी करायची आणि धावदोऱ्याने सगळे एकजीव करायचे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. बंगालात कांथा आहे, सिंधमध्ये रल्ली आहे. जेथे जेथे कापूस आणि काटकसर एकत्र नांदली तेथे तेथे बायकांनी ही वस्तू निर्माण केली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता कापड नीट पारखावे असा आग्रह का, ते एका साध्या हिशेबाने सांगतो. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी एक गोधडी घ्या. दोन ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर धरले तर लांबीच्या बाजूने पंचाहत्तर ओळी होतात. सेंटिमीटरला एक टाका धरला तर एका ओळीत दोनशे टाके. म्हणजे एका गोधडीला १५,००० टाके झाले! बारीक टाका घालणारीच्या हातून तर ह्याच्या दुप्पटही होतील. इतक्या वेळा सुई खाली जाते आणि वर येते, तेही घरकाम आटोपून, दुपारच्या उजेडात. कापड वाईट निघाले तर कापडाची किंमत बुडते ती थोडी. ते १५,००० टाके बुडतात ती खरी हानी. गोधडीत सर्वांत महाग वस्तू शिवणारीचे डोळे आणि बोटे ह्या आहेत, हे आपण प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

आपल्या आज्या-पणज्यांना कापडाची परीक्षा फारशी करावी लागत नसे. त्यांचा नियम एकच होता : नेसून मऊ झालेले जुने लुगडे सर्वांत चांगले. हा नियम त्या काळी अगदी खरा होता, कारण लुगडे म्हणजे बहुतेक सुतीच. आपल्या भागाचा कापडबाजार कलबुर्गी आणि सोलापूर ह्या दोन शहरांकडे पाहणारा. सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी निघाली, तिलाच लोक पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले. कलबुर्गीत महबूब शाही मिल होती, जिला आपण एम. एस. के. मिल म्हणून ओळखत होतो. त्यांचे मांजरपाट, धोतरे, चादरी आणि हातमागाची लुगडी हाच गावोगावच्या गोधड्यांचा कच्चा माल. ह्या दोन्ही गिरण्या आता बंद पडल्या आहेत. सोलापुरी चादरीला मात्र भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिचे नाव अजून टिकून आहे.

मध्यंतरी कापडाच्या दुनियेत मोठा पालट झाला. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्या दोन शास्त्रज्ञांनी टेरिलिनचा शोध लावला. त्यातून पॉलिएस्टर घरोघर आले. टेरिकॉटचे सदरे आले, मग न चुरगळणाऱ्या, लवकर वाळणाऱ्या साड्या आल्या. आज घरातील जुन्या साड्यांचे गाठोडे सोडले तर त्यात निम्म्याहून अधिक साड्या सुती नसतात, हे प्रत्येक भगिनीने घरी जाऊन पाहावे. म्हणजे 'जुने ते चांगले' हा आजीचा नियम आपण पाळतो, पण तो ज्या गोष्टीवर उभा होता ती गोष्टच उरली नाही. आजी सुती कापड वापरीत होती. आपण नुसते जुने कापड वापरतो. म्हणून सवयीवर न विसंबता आता पारख शिकून घेतली पाहिजे. ती अवघड नाही. तिला उजेड, हात, पाणी, विस्तव आणि सुई एवढीच साधने लागतात, आणि ती प्रत्येक घरात आहेत.

पहिली परीक्षा उजेडाची. कापड खिडकीसमोर धरावे. उभे सूत म्हणजे ताणा आणि आडवे सूत म्हणजे बाणा, हे दोन्ही सारख्या अंतराने दिसले पाहिजेत. कोठे दाट, कोठे जाळीसारखे विरळ असे दिसले तर ते कापड ताण सोसणार नाही. जुन्या कापडात विरलेल्या जागा अशाच दिसतात. लुगडे निऱ्यांच्या घड्यांवर आणि टाचेशी विरते, धोतर बसण्याच्या जागी विरते, चादर मधोमध विरते. सगळे कापड टाकण्याचे कारण नाही. विरलेला भाग कापून काढावा आणि बाकीचे घ्यावे.

दुसरी परीक्षा हाताची. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कापड आधी उभे आणि मग आडवे ताणून पाहावे. चांगले कापड ताण सोडताच जागेवर येते. सूत सरकून फट पडली तर वीण सैल आहे. 'टर्र' असा आवाज झाला तर ते कापड ठिगळालाही उपयोगाचे नाही. नव्या कापडाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट करावी. कापडाचा कोपरा दोन्ही तळहातांत धरून चांगला चोळावा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेला भाग एकदम लुळा, विरळ दिसू लागला तर समजावे की त्यात खळ भरली आहे. दुकानात जे कापड जाड आणि भरदार वाटते ते पुष्कळदा खळीमुळे तसे वाटते. पहिल्या धुण्याबरोबर ती खळ निघून जाते आणि ग्राहकाच्या हातात मच्छरदाणी उरते.

ह्याच ठिकाणी सुताच्या नंबराविषयी सांगतो. विद्यार्थ्यांना हे गणित आवडेल. ८४० वारांची एक लडी, अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतात तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी १६,८०० वार भरते, तर ४० नंबरची ३३,६०० वार. म्हणजे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. बारीक सूत म्हणजे उंची कापड असे आपण समजतो. सदऱ्यासाठी ते खरे असेल, पण गोधडीच्या आतल्या थरांना मध्यम जाडीचे सूत अधिक मानवते. फार बारीक आणि दाट विणीच्या कापडातून सुई सुखाने जात नाही, फार जाड असले तर चार थरांतच गोधडी चटईसारखी ताठ होते.

तिसरी परीक्षा पाण्याची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. नवे सुती कापड धुतल्यावर आटते. किती आटते ते मोजावे. कापडावर दोऱ्याने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून घ्यावा, रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा, सकाळी साबणाने धुऊन उन्हात वाळवावा आणि पुन्हा मोजावे. ४८ सेंटिमीटर भरला तर कापड शेकडा चार आटले. आता असे आटणारे नवे कापड आणि वीस वेळा धुतलेले जुने लुगडे एकाच गोधडीत शिवले तर काय होईल? पहिल्याच धुण्यात नवे आखडेल, जुने जागेवर राहील, मध्ये फुगे आणि सुरकुत्या पडतील आणि टाके तुटू लागतील. उपाय सोपा आहे : नवे कापड धुतल्यावाचून कात्री लावू नये.

रंगाची परीक्षाही पाण्यानेच होते. पांढऱ्या फडक्याचा ओला बोळा रंगीत कापडावर दहा-वीस वेळा घासावा. बोळ्याला रंग लागला तर तो घामालाही लागणार आणि तान्ह्या मुलाच्या तोंडातही जाणार, कारण मूल दुपट्याचा कोपरा चोखल्यावाचून राहत नाही. मिठाच्या पाण्यात बुडविले की कच्चा रंग पक्का होतो असा समज आहे, तो खरा धरून चालू नये. रंग जाणारे कापड वेगळे काढावे हे बरे.

चौथी परीक्षा विस्तवाची. ही मोठ्या माणसांनीच करावी, मुलांना दूर ठेवावे आणि जवळ पाण्याचे भांडे असावे. कापडाच्या कडेचे चार-सहा धागे काढून चिमट्यात धरावे आणि थाळीवर पेटवावे. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ, करडी राख उरते. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर मात्र जळता जळता वितळते, आकसते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. राखेत बोटांना खडे लागले तर समजावे की कापड मिश्र आहे, दुकानदार काहीही सांगो.

पण एक कापड ह्या परीक्षेलाही फसविते. ते रेयॉन, म्हणजे कृत्रिम रेशीम. तेही मूळ झाडाच्याच तंतूपासून होत असल्यामुळे जळताना सुतासारखेच जळते. त्याला पुन्हा पाण्याने पकडावे. धागा मध्यभागी ओला करावा आणि दोन्ही टोकांनी ओढावा. सुती धागा ओला झाला की अधिक बळकट होतो, म्हणून तो सहसा कोरड्या जागी तुटतो. रेयॉन ओले झाले की दुबळे होते, म्हणून ते ओल्या जागीच तुटते. गोधडी धुताना तिचा सगळा भार ओल्या कापडावरच येतो. नदीवर किंवा हौदावर ओली गोधडी उचलणाऱ्या भगिनींना तो भार ठाऊक आहे. म्हणून ही बारीक परीक्षा निरर्थक समजू नये.

ह्याचे आपल्याकडील चांगले उदाहरण म्हणजे इरकली लुगडे. त्याचे अंग सुती असते, पण काठ आणि पदर पुष्कळदा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे असतात. अख्खे लुगडे तसेच घालून गोधडी केली तर अंग आणि काठ निरनिराळे आटतात, निरनिराळे झिजतात. अनुभवी बायका काठ आणि पदर सोडवून बाजूला ठेवतात, अंगाचे कापड थरांना घेतात, आणि काठ चांगले असतील तर ते वरच्या बाजूला शोभेसाठी लावतात. खणाचे तुकडेही असेच वरच्या शोभेला. कोणते कापड कोठे शोभते आणि कोठे सोसते, ह्या दोन गोष्टी त्या वेगळ्या ओळखतात.

शेवटची परीक्षा सुईची. थर जुळवून झाले की कोपऱ्यात वीतभर ओळ घालून पाहावी. सुई अडू लागली, दर टाक्याला बोटाला रग लागू लागली तर थर कमी करावे किंवा दाट कापड काढावे. दोरा सुतीच घ्यावा. चिवट पॉलिएस्टर दोरा जुन्या मऊ कापडाला आतून कापीत जातो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड तुटले तर गोधडी गेली.

'आत कोणी पाहत नाही, काहीही चालते' असे एक वाक्य गोधडी शिवताना फार ऐकू येते. ते मनातून काढून टाकले पाहिजे. आतला कुजका थर धुण्यात गोळा होतो, एका कोपऱ्यात जमतो आणि बाकी ठिकाणी वारा लागू लागतो. गोधडीचे आयुष्य तिच्या सर्वांत दुबळ्या थराइतकेच असते.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही कृत्रिम कापडाचे वैरी आहोत. ते टिकाऊ आहे, पावसाळ्यात लवकर वाळते, गरिबाला परवडते. त्याच्या साड्यांची वेगळी गोधडी करून ती चटईखाली अंथरावी, बैलगाडीत किंवा टेम्पोत घालावी. पण अंगावर घेण्यासाठी सुताची बरोबरी त्याला येत नाही. साधारण हवेत सूत आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल धरून ठेवते, पॉलिएस्टर सुमारे ०.४ टक्के. म्हणूनच सुती गोधडी घाम टिपते आणि दुसरी चिकटते. आपल्याकडे हिवाळ्यात जी पांघरावयाची तीच वैशाखात अंथरावयाची असते, तेव्हा हा फरक विशेष जाणवतो. दुसरी गोष्ट विस्तवाची. सुती कापडही पेट घेते, त्यामुळे चुलीजवळ कोणतीच गोधडी नको. पण वितळणारे कापड कातडीला चिकटते आणि भाजलेली जखम अधिक खोल होते. म्हाताऱ्या माणसांना शेकोटीजवळ पांघरूण घेऊन बसण्याची सवय असते. त्यांना द्यावयाच्या गोधडीत हे कापड मुळीच असू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एका गावी, त्या गावाचे नाव घेत नाही, एका मंडळाने हिवाळ्यात चकचकीत, फुलाफुलांच्या गोधड्या वाटल्या. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. संक्रांत उलटेपर्यंत त्यांतल्या पुष्कळशा गोधड्यांचा रंग धुण्यात उतरला, आतला कापूस-चिंध्यांचा भरणा गोळा झाला आणि कडा उसवल्या. ज्यांना मिळाल्या ते तक्रार कोणाकडे करणार? विकत घेतलेल्या मालाबद्दल गिऱ्हाईक भांडू शकते. फुकट मिळालेल्या मालाबद्दल गरीब माणूस बोलत नाही, उलट आभार मानतो. म्हणून दानाच्या कापडाची पारख विकतच्या कापडाहून अधिक कसोशीने केली पाहिजे. तेथे घेणाऱ्याच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी नसते.

ही काही आमची नवी शिकवण नव्हे. जी वस्तू आपल्याला कोणी दिली तर आपण डोळेझाक केल्यावाचून घेणार नाही, ती निवडून दानात देऊ नये, अशा आशयाची ताकीद कुराणात दिलेली आहे. ख्वाजा बंदेनवाज, जे १४२२ साली कलबुर्गीत निवर्तले, त्यांच्या सूफी परंपरेत ठिगळांच्या वस्त्राला मोठा मान आहे. महाराष्ट्रात गाडगे महाराजांना लोक 'गोधडे महाराज' म्हणत, कारण चिंध्यांचे वस्त्र हाच त्यांचा वेष होता. पण ह्या थोर माणसांनी ठिगळे स्वतःच्या अंगावर घेतली. दुसऱ्याला देताना त्यांनी हात आखडला नाही. ठिगळ लाजिरवाणे नाही. कुजके ठिगळ दुसऱ्याच्या अंगावर घालणे लाजिरवाणे आहे.

तेव्हा महोत्सवी वर्षात ट्रस्टने तीन साध्या गोष्टी कराव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली : सभासदांकडून जुने कपडे घेताना ते धुऊन घ्यावेत आणि तीन ढीग करावेत. सुती व बळकट असतील ते गोधडीला, मिश्र व कृत्रिम ते अंथरायला, आणि विरलेले ते फडक्यांना. दुसरी : नवे कापड घ्यावयाचे असेल तर ताग्यातून आधी एक मीटर विकत घ्यावे, धुऊन, मोजून, जाळून पाहावे आणि मगच बाकीचे मागवावे. तिसरी : ही पारख गावातल्या दोन जाणत्या बायकांकडे सोपवावी, आणि पारखीची व शिवणाची मजुरी त्यांना रोख द्यावी. पूर्वी काही फिरत्या जमातींच्या बायका घरोघर जाऊन कौद्या शिवून देत आणि त्याबद्दल धान्य व पैसा घेत. ते कसब होते आणि कसबाला मोल होते. आज आपण तेच काम घरातल्या बाईचा रिकामा वेळ समजून फुकट करून घेऊ नये.

शाळेतही ह्या परीक्षा शिकविता येतात. नंबराचे गणित, आटण्याची टक्केवारी, पाण्याने आणि विस्तवाने होणारी ओळख, हे सगळे सातवी-आठवीच्या मुलामुलींना सहज समजते. शिक्षक म्हणून तेवढा भार आम्ही आनंदाने उचलू. मुलांनी मात्र एक काम करावे : घरी आजी असेल तर तिच्याजवळ बसून तिची गोधडी उलगडून घ्यावी आणि कोणते ठिगळ कोणत्या कापडाचे, ते तिच्या तोंडून ऐकावे.

 ट्रस्टने आजवर अनेकांची थंडी निवारली. पुढच्या काळातही येथून जाणारी प्रत्येक गोधडी अशी असो की ती आपल्या स्वतःच्या आईच्या अंगावर घालताना आपल्याला संकोच वाटू नये. एवढी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.